मागे आहेस ना?

जरा मागे वळून बघा. आवाज तिकडूनच येतोय. मी स्टेपनी बोलतेय. हल्ली मी गाडीच्या पाठीवर नसते, पण जन्मभर पाठीमागे राहिल्यामुळे मागूनच बोलायची सवय जडली आहे, आणि ती या वयात सुटायची नाही.

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. कढत, काळं रबर साच्यात दाबलं गेलं, पोटातून तारा गेल्या, अंगावर नक्षी उमटली आणि आम्ही पाच बहिणी एकामागून एक बाहेर पडलो. पाचहीजणी एकाच जीपच्या वाट्याला आलो. चौघी खाली लागल्या. मला मात्र मागच्या दारावर टांगून नट आवळले. चौघी रस्ता तुडवायला निघाल्या आणि मी आपली लग्नघरातल्या लांबच्या पाहुणीसारखी एका बाजूला बसून राहिले. नाही म्हटलं तरी वाईट वाटलंच.

जीप घड्याळजींची होती. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. एक टेबल, त्यावर मान वाकवलेला दिवा, एका डोळ्याला लावायचं भिंग आणि भिंतभर टिकटिक. आठवडाभर चिमट्यानं केसाएवढे स्क्रू उचलणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी जीप घेऊन डोंगरातल्या दगडधोंड्यांत घुसायचा.

"आठवडाभर काट्यांच्या तालावर चालतो," ते बायकोला म्हणायचे, "एक दिवस खड्ड्यांच्या तालावर नाचू दे."

"नाचा की. पण येताना कंबर बरोबर घेऊन या," ती म्हणायची.

ती शिवणकाम करायची. घड्याळजींचे सगळे मित्र तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. एकदा वहिनी टेप घेऊन माझ्याजवळ आल्या. माझ्या अंगाभोवती टेप फिरवली, जाडी मोजली, तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटल्या. कारखाना सोडल्यापासून इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. थोड्याच दिवसांत त्यांनी मला कव्हर आणून घातलं. जुन्या रेनकोटच्या कापडाचं, काठाला नाडी ओवलेलं, मधोमध रंगीत चिंध्यांचा एक डोंगर आणि डोंगरावर चढणारी इवलीशी जीप. सगळ्या बाजारात तसं कव्हर दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

आत अंधार होता खरा. पण एका ठिकाणी शिवण जराशी उसवली आणि तेवढ्या भोकातून मला मागे पडत जाणारा रस्ता दिसू लागला. मी तक्रार केली नाही. भोकातून दिसणारं जगही जगच असतं.

वर्षं गेली. खाली लागलेल्या माझ्या चारही बहिणी झिजून गुळगुळीत झाल्या. घड्याळजींनी त्यांच्या जागी मोठे, रुंद, डोंगरात चालणारे टायर घ्यायचं ठरवलं. टायरवाल्यानं चौघींना उतरवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"पाचवा पण मोठाच टाकू ना, साहेब?"

घड्याळजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. कव्हरवरच्या डोंगरावरून त्यांनी अंगठा फिरवला. "नको," ते म्हणाले. "ही राहू दे."

"उद्या लागली तर लहान पडेल हो."

"इतक्या वर्षांत कधी लागली? राहू दे म्हटलं ना."

मी आनंदानं फुगले. माझी किंमत कुणाला तरी कळली, असं वाटलं. खरं कारण मला पुढे डोंगरात कळलं.

त्यानंतर घड्याळजींचे डोळे बिघडले. आधी टेबलावरच्या वस्तूंना कोपर लागून त्या पडायला लागल्या. मग एकदा जीप मागे घेताना फाटकाचा खांब दिसलाच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कडेचं दिसणं गेलं आहे, आता नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसेल, आणि तेही हळूहळू जाईल. घड्याळजींनी दुकान बंद केलं. जीपची किल्ली त्यांनी वहिनींसमोर ठेवली.

"विकून टाक."

"विकते हं," असं म्हणून वहिनींनी किल्ली उचलली आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग शिकायला गेल्या. केस पांढरे व्हायला लागलेली बाई क्लच सोडायला शिकत होती. सुरुवातीला जीप अशी उड्या मारायची की माझे नट खिळखिळे व्हायचे. पण त्या शिकल्या. एकदा चहा पिताना त्यांनी विचारलं, "अहो, ते तळं अजून पाहायचं राहिलंय ना?"

लग्न झाल्यावर दोघं एका उंच खिंडीपर्यंत पायी गेले होते. खिंडीच्या पलीकडे खाली मोठं तळं आहे. त्या दिवशी असं धुकं होतं की दोघांना एकमेकांशिवाय काही दिसलं नव्हतं. पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ, म्हणता म्हणता अर्धं आयुष्य उलटलं. आता डोळ्यांत थोडा उजेड होता तोवरच जायला हवं होतं. ते दोघांनाही माहीत होतं, बोलत मात्र कुणीच नव्हतं.

डोंगरात एकट्या गाडीनं जात नाहीत. घड्याळजींच्या जुन्या टोळीतले दोघं तयार झाले. पुढे कप्तान. ते लाकडाच्या वखारीचे मालक, पण डोंगरात त्यांचाच शब्द चालायचा, म्हणून कप्तान. सगळ्यांत मागे डॉक्टरीणबाई, दातांच्या. मधे आमची जीप, वहिनी चालवणार आणि घड्याळजी त्यांच्या शेजारी बसणार.

कप्तानांचे दोन नियम होते. पहिला, प्रत्येकानं आपल्या मागच्या गाडीला जपायचं. प्रत्येक वळणावर वायरलेसवरून विचारायचं, "मागे आहेस ना?" आणि "आहे" असं ऐकू आल्याशिवाय पुढे चाक हलवायचं नाही. दुसरा, ज्याची स्टेपनी वापरली गेली, त्यानं पुढे जायचं नाही. वळायला पहिली जागा मिळेल तिथून माघारी. कारण त्याच गाडीचा दुसरा टायर फाटला, तर सगळेच डोंगरात अडकतात.

निघताना कप्तानांनी माझ्यावर थाप मारून पाहिलं. हवा भरपूर होती, मी खणखणीत वाजले. "छान," ते म्हणाले. कव्हर काढून बघायचं त्यांना सुचलं नाही. इतकं देखणं कव्हर कोण काढणार?

वाट म्हणजे एका बाजूला खडकाची भिंत, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधे गाडीपुरते दगड. वहिनींनी स्टिअरिंग असं धरलं होतं की जणू गाडीलाच ते पळवून न्यायचं होतं.

"मागे आहेस ना?" वायरलेस खरखरला.

"आहे," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई, मागे आहात ना?"

"आहे, आहे. तुमच्या धुळीनं दात घासतेय."

भोकातून मला डॉक्टरीणबाईंची गाडी दिसायची. आमच्या मागोमाग ती अशी डुलत यायची, की मला एकटं वाटलंच नाही.

खिंड समोर दिसायला लागली तेव्हा वाट फारच अरुंद झाली. दरीच्या भीतीनं वहिनी भिंतीच्या बाजूला सरकल्या. "अहो, तुमच्या बाजूचं बघा हं."

"मोकळं आहे. घे," घड्याळजी म्हणाले.

मोकळं नव्हतं. भिंतीतून सुरीसारखा एक दगड बाहेर आला होता, अगदी त्यांच्या दाराखाली, जिथलं त्यांना दिसत नव्हतं. फर्रर्र असा आवाज झाला, जीप पुढच्या बाजूनं खचली आणि भिंतीवर कलली. पुढच्या टायरची कूस उभी चिरली गेली होती.

सगळे उतरले. घड्याळजी हातानं तो दगड चाचपत राहिले. "मला दिसला नाही गं," ते हळूच म्हणाले.

"मला तरी कुठे दिसला? चला, टॉर्च धरा, गाडीखाली बघू द्या," वहिनी म्हणाल्या.

मग त्या माझ्याकडे आल्या आणि नाडी ओढली. कव्हर निघालं. कितीतरी वर्षांनी मला अख्खं आकाश दिसलं, आणि कप्तानांना अख्खी मी दिसले.

"हे काय? ही कुठल्या गाडीची?"

डॉक्टरीणबाईंनी मला त्या मोठ्या टायरशेजारी ठेवून पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. "काय हो घड्याळजी, बत्तीशीत दुधाचा दात राहिलाय की तुमच्या!"

"हसू नका हो," कप्तान चिडले. "चार मोठे घेतलेत, मग पाचवा का नाही? तुमच्यासारख्या माणसानं असं करावं?"

घड्याळजींनी कव्हरच्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाले, "मोठा घेतला असता तर कव्हर बसलं नसतं."

"कव्हर?"

"तिनं माप घेऊन शिवलं होतं."

वहिनी हातातल्या कव्हरकडे बघत राहिल्या.

"अहो, दुसरं शिवलं असतं की मी! दुपारभराचं काम!"

"पण हा डोंगर..."

"घरी चला, मग बघते तुमच्याकडे," वहिनी म्हणाल्या. पण आवाजात राग नव्हता. त्यांनी कव्हरची नीट घडी घातली आणि आपल्या सीटखाली ठेवली.

घड्याळजींनीच विषय संपवला. "कप्तान, नियम तो नियम. जागा मिळाली की आम्ही माघारी. तुम्ही दोघं पुढे जा."

"तुम्ही माझ्या गाडीत बसा ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हो, जा तुम्ही," वहिनीही म्हणाल्या. "मी थांबते गाडीपाशी."

"मागच्या वेळी दोघांनाही दिसलं नव्हतं," घड्याळजी म्हणाले. "आता एकट्यानं काय बघायचं?"

पण वळायची जागा तरी कुठे होती? ती होती वर, खिंडीच्या अलीकडच्या सपाटीवर. तिथपर्यंत न्यायचं काम माझ्यावर आलं. चिरलेल्या टायरच्या जागी मला लावलं. लहान-मोठ्या चाकांचा जोड म्हणून पुढच्या चाकांची ताकद बंद केली, मागच्या दोन चाकांवर आणि कप्तानांच्या गाडीला बांधलेल्या ओढपट्ट्यावर जीप चढवायची ठरली.

जन्मात पहिल्यांदा माझ्यावर भार आला. पहिला दगड कचकन चावला. दुसऱ्यावर मी घसरले. एका बाजूला ओझं घेतलेल्या हमालासारखी जीप माझ्याकडे झुकलेली होती. भिंतीची बाजू माझ्याकडे आली हे नशीब, दरीकडे झुकली असती तर वहिनींनी स्टिअरिंग सोडलंच असतं. पट्टा ताणला गेला, इंजिन घुमलं.

"चल गं बाई," वहिनी पुटपुटत होत्या. "एवढं चल."

त्या इंजिनाशी बोलत होत्या की माझ्याशी, कोण जाणे. मी माझ्याशीच असं धरलं आणि चालले. नक्षी अजून कोरी होती, दगड घट्ट पकडता आले. इतकी वर्षं न वापरता राखलेलं सगळं त्या चढावर कामी आलं.

सपाटीवर पोचलो. कप्तान उतरले. त्यांनी वर खिंडीकडे पाहिलं. त्या शेवटच्या चढासाठी त्यांचे हात सकाळपासून शिवशिवत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी आपल्या गाडीकडे पाहिलं, घड्याळजींकडे पाहिलं, आणि किल्ली काढून खिशात टाकली.

"गाड्या इथेच राहतील. तिन्ही."

"आणि खिंड?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नियम गाड्यांना आहे, पायांना नाही. चला."

पुढे कप्तान, मागे वहिनी, वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून घड्याळजी आणि शेवटी डॉक्टरीणबाई, अशी रांग निघाली. "मागे आहेस ना?" कप्तान ओरडत. "आहे," वहिनी सांगत. ते आवाज लहान होत होत विरले.

मला समोर फक्त खडकाची भिंत दिसत होती. तळं पाहायचं भाग्य माझं नव्हतं. मी थांबून राहिले. थांबण्यात मी मुरलेली आहे.

उन्हं कलायच्या आत सगळे परतले. घड्याळजी माझ्याशेजारच्या दगडावर बसले आणि माझ्यावर हात ठेवला.

"दिसलं?" मला विचारता आलं असतं तर मी हेच विचारलं असतं. पण विचारलं डॉक्टरीणबाईंनी, "नीट दिसलं ना हो?"

"एकदम मावत नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून मान फिरवत तुकड्या-तुकड्यानं पाहिलं. आधी हा काठ, मग तो काठ, मग मधलं पाणी. आणि आत जोडून घेतलं. घड्याळ जोडतो ना, तसं. आता ते कुठे जात नाही."

वहिनींनी तोंड फिरवून उगाच पट्टा गुंडाळायला घेतला.

खाली आल्यावर चिरलेल्या टायरच्या जागी नवा आला आणि मोठा पाचवाही आला. वहिनींनी नवं कव्हर शिवलं. जुन्या कव्हरवरचा डोंगर आणि ती इवलीशी जीप कापून त्यावर लावली आणि डोंगराच्या पलीकडे निळ्या कापडाचं तळं जोडलं. माझी जागा नवी पाहुणी सांभाळते. तिचा मला हेवा नाही. माझं काम झालं होतं, आणि पुष्कळ चाकांना तेवढंही लाभत नाही.

आता मी अंगणात फाटकाजवळ अर्धी मातीत पुरलेली आहे. गाडी मागे घेताना वहिनी मला टेकेपर्यंत येतात आणि थांबतात. एक विनंती करते. तुमच्या गाडीच्या मागे जी कुणी टांगलेली असेल, तिचं कव्हर एकदा काढा. हवा बघा, माप बघा, हात फिरवा. बस, एवढंच.

घड्याळजींना आता काहीच दिसत नाही. तरी ते रोज काठी घेऊन एकटे अंगणात येतात. पायरी उतरून सरळ चालतात, काठी माझ्या रबरावर टुप्प अशी वाजते, आणि फाटक आलं हे त्यांना कळतं. फाटकाबाहेर पाऊल टाकण्याआधी ते जरा थांबतात. पुन्हा एकदा काठी वाजवतात.

"मागे आहेस ना?"

टुप्प.

ते मान डोलावतात आणि पुढे जातात.