डाव्या हाताचा काप

आमच्या ग्बोलाता गावच्या रबरवाल्या मंडळींनी माझ्या नवऱ्याला झगा घालायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला आणि सगळ्यांत जास्त भीतीही मलाच वाटली. आनंद का, ते कुणीही सांगेल. हातमागाच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झगा चारचौघांत मुखियाच्या हातून अंगावर चढणं म्हणजे जन्माचं सार्थक. भीती का, ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. निदान माझी तरी तशीच समजूत होती.

आमंत्रण घेऊन मंडळाचा अध्यक्ष वोलोबा आला. पांढऱ्या वाडग्यात मानाच्या कोलाच्या बिया घेऊन आला, रीतसर. हा वोलोबा आपल्या बायकोशीसुद्धा सभेत उभं राहिल्यासारखा बोलतो. माझ्या नवऱ्याच्या नावामागे 'पा', म्हणजे बाबा, लावून म्हणाला, या गावात रबर आणलं ते पा डोलोंनी, लावलं ते पा डोलोंनी आणि पहिल्या झाडाला सुरी लावली तीही पा डोलोंनीच. तेव्हा सोहळा त्या पहिल्या झाडाखालीच करायचा, सकाळच्या गारव्यात, चीक वाहतो त्या वेळी. पा डोलो सगळ्यांसमोर झाडाला एक काप देतील आणि मग मुखिया त्यांना झगा घालतील.

माझ्या हातातला भाताचा डाव भांड्यातच राहिला.

वोलोबाने सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन अगदी खऱ्या. डोलो तरुणपणी लांबच्या एका मोठ्या मळ्यावर रोपवाटिकेत कामाला होता. बाहेरगावी गेलेले लोक घरी येताना कापड आणतात, पत्रे आणतात. माझा नवरा डोक्यावर केळीच्या पानांत गुंडाळलेली काटक्यांची मोळी घेऊन आला. ती रबराची कलमं होती. माझी आई त्याच्या तोंडावर म्हणाली, या झाडाला फळ नाही, पाला खाता येत नाही आणि दूध येतं ते पोरांना पाजता येत नाही. जावईबापू, हे झाड अगदी तुमच्यासारखंच आहे. तो हसला आणि खड्डे खणायला गेला. भाताची जमीन रबराला दिली म्हणून भाऊबंदांनी बोलणं टाकलं. झाड सुरीला तयार व्हायला सात वर्षं लागतात. तेवढी वर्षं आम्ही कसाव्याच्या पाल्यावर काढली, आणि तो रोज संध्याकाळी त्या झाडांमधून असा फिरायचा, जसा काही सासरी गेलेल्या लेकींना भेटायला आलाय. आज निम्मं गाव रबरावर जेवतं ते त्या मोळीतून. यात एक शब्द खोटा नाही.

खोटं आहे ते सुरीचं. माझा नवरा डावखुरा आहे.

रबराच्या झाडाला काप द्यायचा तो डावीकडून वरून सुरू करून उजवीकडे उतरता. डोलोच्या हाताने तो नेमका उलटा पडायचा, आणि उलट्या कापातून चीक येतो तो रडवेल्या पोराच्या नाकातून यावा तेवढाच. उजव्या हातात सुरी धरायला लागला, तर ती सालीतून थेट लाकडात जायची. लाकडापर्यंत लागलेलं रबराचं झाड कधी विसरत नाही. तिथे गाठ उठते ती कायमची. मागच्या ओळीतली त्याची काही झाडं अजून तशीच उभी आहेत, देवी येऊन गेलेल्या माणसाच्या तोंडासारखी. शेवटी सुरी मी घेतली. काप कसा द्यायचा, साल किती पातळ काढायची, हे सगळं त्यानेच मला शिकवलं. त्याला सगळं येत होतं, फक्त हात ऐकत नव्हता. माझा हात पहिल्याच आठवड्यात बसला.

गाव उठायच्या आत मी कापून घ्यायची आणि उजाडताना चुलीपाशी असायची. मग येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचा तो बादली घेऊन झाडांत उभा असलेला डोलो. त्या काळी बायको सुरी धरते म्हटल्यावर ताडीच्या बैठकीत पुरुषांनी त्याला नवरा म्हणून ठेवलंच नसतं. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मीच ठरवलं होतं. त्याला ते कधीच आवडलं नाही.

वोलोबाची पाठ वळताच तो म्हणाला, की आता सांगून टाकू. आमचं कडाक्याचं भांडण झालं.

"तू भात पेरलास आणि मी कापला, म्हणून शेत माझं होतं का?" मी म्हणाले.

"पण ते पेरल्याचा झगा देत नाहीयेत. कापल्याचा देताहेत."

"देताहेत ना? मग घे मुकाट्याने."

मला तो झगा त्याच्या अंगावर पाहायचाच होता. लढाईत आम्ही सीमेपलीकडे गिनी देशात पळालो, आणि परत आलो तेव्हा बंदूकवाल्यांनी पहिलं झाड आणि आणखी दोन-चार सोडून आमची बाकी झाडं मुळापासून हात पोचेल तिथपर्यंत सोलून त्यांचा सगळा चीक ओरबाडून नेला होता. लोक म्हणाले, जळणाला तोडा. डोलोने तोडलं नाही. जखमांना तो चिखल आणि पामतेल लावत बसला. झाडांना विसावा म्हणून वर्षानुवर्षं सुरी लावू दिली नाही. लोकांनी त्याला वेडा ठरवलं. आधी वाळीत टाकलेला, मग वेडा ठरवलेला हा माझा माणूस. त्याच्यासाठी साऱ्या गावाने एकदा उभं राहावं, एवढं पाहून मग खुशाल मरायला मी तयार होते. आणि नेमकं त्याच दिवशी सुरी धरणारे सगळे जण त्याला हसणार?

म्हणून मी परसातल्या पपईच्या खोडावर त्याचा सराव सुरू केला. उजव्या हाताने.

"हे काय, काप देतोयस की गळा चिरतोयस?"

"तू बघतेस म्हणून हात थरथरतो."

"मग गाव बघेल तेव्हा काय करेल? नाचेल?"

चौथ्या दिवशी पपई आडवी झाली. आम्ही कच्ची पपई शिजवून खाल्ली आणि मी दुसरा बेत केला. सुरी हातात आली की डोलोने खांदा धरायचा, कण्हायचं आणि खाली बसायचं. मग आमचा मुलगा फ्लोमो, जो खास राजधानीहून, मनरोव्हियाहून आला होता, तो बापाच्या वतीने काप देईल. डोलो हो म्हणाला. इतक्या चटकन हो म्हणाला, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सोहळ्याच्या सकाळी सगळं गाव झाडांखाली जमलं. बायका भोपळ्याचे खुळखुळे वाजवत गात होत्या. मुखिया खुर्चीवर बसले. कोला फिरला. मग वोलोबा बोलायला उठला आणि मुखियांचा डोळा लागेपर्यंत बोलला. शेवटी तो झाडापाशी गेला आणि खालच्या सालीवरून त्याने हात फिरवला. जुन्या कापांच्या रेघा तिथे अजून दिसतात, पोरीच्या डोक्यावर घट्ट विणलेल्या वेण्यांसारख्या.

"हा हात बघा. एक गाठ नाही. असा हात आता होणे नाही."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसले.

सुरी डोलोच्या हातात आली. मी त्याच्या खांद्याकडे डोळे लावून बसले. खांदा धरायचं सोडून हा गेला सरळ मुखियांकडे, गुडघ्यांवर बसला आणि त्याने त्यांचा पाय धरला. खुळखुळे थांबले. आमच्याकडे पाय धरतात ते फार मोठी क्षमा मागायला.

"मुखिया, मी डावा हात वापरणार आहे. तुमचा अपमान करायला नाही. मला देवाने हातच तो दिलाय."

वडीलधाऱ्यांपुढे डावा हात म्हणजे काय, हे लहान पोरालाही कळतं. मुखियांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझं पाय धरणं मला पोचलं," ते म्हणाले. "चालव हात."

डोलोने सुरी डाव्या हातात घेतली आणि झाडाला काप दिला. पार उलटा, वेडावाकडा आणि खोल. चीक आला तो झाडाला बांधलेल्या वाटीच्या नेमक्या विरुद्ध बाजूने ओघळून जमिनीवर टपटपू लागला. आधी मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं, मग बरेच जण हसले. मला वाटलं, या माणसाला हाताला धरून घरी न्यावं आणि दार लावून घ्यावं.

"फ्लोमोच्या बापा," मी उठून म्हणाले, "खांदा दुखतोय तुझा. खाली बस."

"खांदा ठणठणीत आहे, फ्लोमोच्या आई. तूच बस." मग तो लोकांकडे वळला. "हसा. हा माझा हात आहे. याने मी झाडं लावली आणि यानेच ती मारली असती. वोलोबाने आत्ता ज्या हाताचं कौतुक केलं तो हिचा. या गावात पहिल्या झाडाला सुरी लावली ती लोर्पूने. मी बादल्या वाहिल्या."

मी तोंड पदरात लपवणार, तेवढ्यात शेजारच्या मळ्यातला म्हातारा मुल्बा काठी टेकत उभा राहिला.

"डोलो, एवढं सांगायला तुला म्हातारा व्हावं लागलं होय रे?" तो म्हणाला. "माझी झाडं तुझ्या बांधाला लागून. जन्मभर मी तुझ्या झाडांच्या सालीसमोरून ये-जा केली. तुझा कोयता डाव्या हातात, कुदळ डाव्या हातात, आणि झाडावरचा काप तेवढा उजव्या हाताचा. आम्ही काय डोळे घरी ठेवून यायचो? सुरी धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण माणसाने स्वतः झाकलेलं दुसऱ्याने उघडू नये, म्हणून गप्प बसलो."

सुरी धरणारे सगळे माना हलवत होते. ठाऊक नव्हतं ते एकट्या वोलोबाला. तो रबर विकतो, कापत नाही.

मला असा राग आला म्हणून सांगू. इतकी वर्षं मी कंदिलावर फडकं टाकून चोरासारखी आपल्याच मळ्यात जात होते. आलेला खोकला गिळत होते. आणि हे सगळे मेले अंथरुणात पडून म्हणत असणार, चालली बघा लोर्पू! पण रागाच्या मागोमाग दुसरंही काहीतरी लक्षात आलं. म्हणजे या माणसाची अब्रू मी एकटी नव्हते राखत. अख्खं गाव राखत होतं, आणि माझ्याहून नीट.

वोलोबा बापडा गोंधळून गेला होता. झगा तर एकच. त्याने मुखियांना हळूच विचारलं, आता काय करायचं. मुखिया म्हणाले, जिने पहिल्या झाडाला सुरी लावली तिला झगा, असं तुम्हीच ठरवलंत, त्यात विचारायचं काय? मी नको म्हणाले, दोनदा म्हणाले. बायकांनी मला ढकलत पुढे नेलं आणि मुखियांनी झगा माझ्या डोक्यावरून खाली सोडला. तो शिवला होता डोलोच्या मापाने. एका बाहीत माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. खालचा काठ मातीत लोळत होता. सगळं गाव उभं राहिलं, गाणं सुरू झालं, त्यात माझं नाव घातलं गेलं. गावाने उभं राहिलेलं मला पाहायचं होतं. ते पाहिलं, पण ते माझ्यासाठी होतं.

मग मी डोलोला शोधलं. तो झाडाजवळ बाजूला उभा होता, ठिगळ लावलेल्या सदऱ्यात, हातात ती सुरी तशीच. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि त्याच्याकडे कुणीच पाहत नव्हतं. तो मात्र टाळ्या वाजवत होता, एका हातात सुरी असल्यामुळे मांडीवर थापा मारून. चेहरा असा, जसा झगा त्याच्याच अंगावर आहे. मला ते सहन होईना. मी गळ्याशी हात घातला आणि झगा काढू लागले.

मुखियांनी माझं मनगट धरलं. "लोर्पू, घातलेला झगा मावळतीच्या आत उतरवला, तर तो देणाऱ्याचा अपमान होतो. हे तुला मी सांगायला नको."

"उतरवायचा नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

मी काठ दोन्ही हातांनी उचलून धरला, तरातरा झाडापाशी गेले आणि सगळ्यांसमोर तो झगा नवऱ्याच्या डोक्यावरून ओढून त्याला आत घेतलं. तो आत धडपडला, त्याचं कोपर माझ्या बरगडीत लागलं, आणि मग गळ्यातून माझ्या डोक्याशेजारी त्याचं पांढरं डोकं वर आलं. गाणं बंद पडलं. मुखिया एवढे हसले, की कुणीतरी त्यांची टोपी धरली. मग मुल्बाने काठी आपटून गाणं पुन्हा सुरू केलं, आणि या वेळी त्यात नावं दोन होती.

"आत फार उकडतंय गं," डोलो माझ्या कानात म्हणाला.

"गप उभा राहा," मी म्हणाले. "मावळेपर्यंत उतरवायचा नाहीये."