डॉक्टरांनी घासलेला शिंपला

मी एक जुनी काचेची टाकी आहे. माझ्या पोटात खारं पाणी आहे आणि मनात राग. मित्रांनो, राग का, ते ऐका.

एका कारागिराने जाड काचा चिकटवून मला घडवलं. दातांच्या एका डॉक्टरांनी मला दुकानातून आणून बैठकीच्या खोलीत बसवलं. डॉक्टर भारी टापटिपीचे. नवा मासा आणला की आठवडाभर वेगळ्या भांड्यात, औषधाच्या पाण्यात ठेवत. त्याच्या अंगावरचा शेवटचा किडा गेल्यावरच तो माझ्यात येई. पाहुणे म्हणत, "टाकी आहे की आरसा!" तेव्हा मीही फुगून जात असे.

मग डॉक्टरांना सफाई माशाचं वेड लागलं. बोटाएवढा, निळा, अंगावर काळा पट्टा. समुद्रात मोठे मासे त्याच्यापुढे तोंड उघडून थांबतात आणि तो त्यांच्या अंगावरचे बारीक किडे टिपून खातो. "माझ्याच धंद्यातला आहे!" असं डॉक्टर सगळ्यांना सांगत.

आता तुम्हीच सांगा, जिथे एकही किडा शिल्लक ठेवला नाही, तिथे बिचाऱ्याने खायचं काय? इतर माशांच्या दाण्यांना तो तोंडही लावत नसे. पहिला तीन आठवड्यांत गेला. दुसरा गेला, तिसरा गेला. दर वेळी डॉक्टर मला आणखी स्वच्छ करत आणि दुकानदाराच्या नावाने खडे फोडत. संतापाने डोकं आपटावं, तर कशावर? मीच काच.

चौथा आला तेव्हा डॉक्टरांच्या बायकोने विचारलं, "अहो, याला खायला काय घालता?"

"अगं, तो साफसफाई करतो. त्यातच त्याचं पोट भरतं."

"इथे साफ करायला उरलंय काय?"

डॉक्टर ऐकून न ऐकल्यासारखं करून दवाखान्यात गेले. बाईंनी कोळंबी बारीक वाटून एका शिंपल्याच्या आत लिंपली आणि तो माझ्या तळाशी ठेवला. मासा आला, थबकला आणि टिपायला लागला! तीन दिवसांत त्याचं खपाटीला गेलेलं पोट जरा वर आलं. मला हायसं वाटलं.

चौथ्या दिवशी बाईंना आजारी बहिणीकडे तातडीने जावं लागलं. त्या गडबडीत शिंपल्याचं सांगायचं राहून गेलं.

"शी! ही घाण कुठून आली?" डॉक्टरांनी शिंपला बाहेर काढला, दातांच्या ब्रशने लखलखीत घासला आणि परत ठेवला. मी नुसती बघत राहिले. मासा दिवसेंदिवस त्या रिकाम्या, स्वच्छ शिंपल्याला टोचत होता. एकदा डॉक्टरांनी पाण्यात हात घातला, तर तो येऊन त्यांच्या नखांच्या कडा टिपू लागला. डॉक्टर हरखले. त्यांनी बायकोला फोन लावला, तोही स्पीकर चालू करून.

"अगं, आज त्याने माझी बोटं साफ केली!"

"अहो, तो भुकेला असेल! शिंपल्यातली कोळंबी संपली का?"

"ते त्याचं जेवण होतं? मी घासून टाकलं गं."

त्यांनी घाईघाईने कोळंबी वाटून शिंपला भरला. मासा जवळ आला, पण टिपायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. सकाळी तो त्या भरल्या शिंपल्याशेजारी पडलेला होता.

परवा दुकानदाराचा फोन आला. "साहेब, नवा सफाई मासा आलाय. पाठवू?"

"खातो काय?"

"काही घालावं लागत नाही, साहेब. त्याचं तो बघतो."

डॉक्टरांनी फोन ठेवून दिला.

मित्रांनो, मला अस्वच्छ ठेवा असं मी म्हणत नाही. पण कुणालाही कामासाठी घरी आणाल, तर तो जेवतो काय, हे आधी विचारा. डॉक्टर अजूनही दर रविवारी माझ्या काचा पुसतात. शिंपल्यावर आता हिरवं शेवाळ चढलंय. त्याला मात्र ते हात लावत नाहीत.