थोराच्या कोंबड्या

"डोकं खाली घाल, जेसी, नाहीतर कपाळमोक्ष होईल," थोरा पुढून म्हणाली.

आमच्या बेटावरच्या त्या पुराण्या, खोलीएवढ्या दगडी थडग्यात शिरायला एकच बोळ, तोही रांगत जायचा. पुढे थोरा, मध्ये तिची नात इस्ला, मागे मी शेजारीण. साठी उलटली तरी थोराचा उत्साह असा, की जणू थडगं तिच्या माहेरचं. शेत तिचं, म्हणून येईल त्या पाहुण्याला ते दाखवायचं काम सासूकडून तिच्याकडे आलेलं.

आजचा पाहुणा म्हणजे पोटचा पोरगा. एर्लेंड बायकोपोरीला घेऊन बेटं बघायला आला होता. हिवाळ्यात फोनवर म्हणाला होता, उन्हाळ्यात आलो की तुझं काय ते बघू. तेवढ्यावर या बाईने त्याच्याबरोबर शहरात जायला बॅग भरली आणि काल आपल्या सगळ्या कोंबड्या माझ्या खुराड्यात आणून सोडल्या. मी म्हटलं, अगं, आधी त्याला बोलू तर दे. तर म्हणे, तो लाजरा आहे, बोटीच्या वेळेला बोलेल. नवरा गेल्यापासून तिने इथले हिवाळे कसे काढले ते मला विचारा. वाऱ्याने दार उघडत नाही, आणि उघडलं तरी माणूस दिसत नाही.

आत गेल्यावर ताठ उभं राहता येतं. थोरा नातीला टॉर्चने भिंतीतले कोनाडे दाखवत होती, तेवढ्यात एर्लेंडचा आवाज आला, अगदी कानाशी. सुनेला, शोनाला, कपडे मळवायचे नव्हते म्हणून नवराबायको बोळाच्या तोंडाशी थांबली होती. तिथे कुजबुजलेलं आत स्वच्छ ऐकू येतं. बेटावरची पोरं हाच खेळ खेळत मोठी होतात. एर्लेंडही झाला होता. शहरात राहून विसरला मेला.

"आईला न्यायचा विषयच काढू नकोस," तो म्हणत होता. "बरी आहे ती इथे. एकदा आली की कायमची आपल्या गळ्यात."

इस्लाने आजीकडे पाहिलं. माझं तर डोकंच फिरलं. त्याची चांगली खरडपट्टी काढावी म्हणून मी वाकले, तर थोराने माझी बाही घट्ट धरली. बाहेर पडायला तो एकच बोळ, आणि तोंडाशी तो उभा. लगेच गेलो असतो तर आम्ही ऐकलं हे त्याला कळलं असतं. म्हणून तिने नातीला तेच कोनाडे पुन्हा पहिल्यापासून दाखवले.

मग आम्ही रांगत त्याच्याकडेच बाहेर आलो. गुडघे झटकत थोरा म्हणाली, पोरगी हुशार आहे हं तुमची.

बोटीची वेळ झाली. एर्लेंडने विचारलं, "आई, धक्क्यापर्यंत येतेस ना?"

"नको रे. कोंबड्या कोंडायच्यात."

"बघ," तो हसत शोनाला म्हणाला, "हिचा सगळा जीव त्या कोंबड्यांत."

मी तडक घरी आले, टोपली काढली आणि एकेक करून तिच्या कोंबड्या धरल्या. टोपली घेऊन तिच्या अंगणात पोचले तेव्हा बोट सुटली होती. थोरा रिकाम्या खुराड्याचं दार उघडून धरून उभी होती.