मागे जाताना

ड्वेनने ट्रेलरच्या मागे दोन फळ्या टेकवल्या, त्या नीट बसल्यात का ते बुटाने दाबून पाहिलं, आणि गवत कापायचा लाल रंगाचा छोटा ट्रॅक्टर हळूहळू खाली उतरवला. एल्डन हॉगस्टॅड व्हरांड्यात वॉकर धरून उभा होता. चाकं गवताला लागली तशी त्याने नजर वळवली आणि रस्त्याकडेच्या पत्रपेटीकडे पाहत राहिला.

"तोंड काय वाकडं करतोस?" ड्वेन खालून ओरडला. पलीकडच्या टेकडीवरचं शेत त्याचं, आणि ओळख चाळीस वर्षांची. "गवत बघ तुझं. परवा माझं वासरू सापडेना, तर म्हटलं आधी एल्डनच्या अंगणात बघावं."

"मी आणायला सांगितलं नव्हतं."

"तुझ्या लेकीने सांगितलं. भांडायचं तर तिच्याशी भांड."

लेक तेवढ्यात घराला वळसा घालून आली. सिग्रिड उतारावरून चालताना उजवा पाय किंचित बाहेर फेकत असे. सपाटीवर ते कुणाच्या ध्यानातही येत नसे. एल्डनच्या येई. तिने ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, वाकून डावीकडचा पायडल हाताने दाबून पाहिला.

"ब्रेक डावीकडे आहे, वेगाचा दांडा हाताशी आहे," ती म्हणाली. "म्हणून हाच घेतला. उजव्या पायाला काही कामच नाही."

एल्डन अजून पत्रपेटीकडेच पाहत होता.

फेब्रुवारीत कोठाराच्या वाटेवर बर्फावरून तो घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. तोवर दीड एकराचं हे चढउताराचं अंगण तो हाताने ढकलायच्या यंत्राने कापत आला होता. दर आठवड्याला दोन दिवस जायचे. गावात नवीन आलेली माणसं त्याला हसायची. सगळ्या विस्कॉन्सिन राज्यात या वयाचा माणूस गवत बसून कापतो, याला काय झालंय? जुनी माणसं त्यांना कोपराने ढोसून गप्प करायची.

पस्तीस वर्षांपूर्वी त्याच्याकडेही असाच एक ट्रॅक्टर होता. शनिवारी सकाळी तो चार वर्षांच्या सिग्रिडला मांडीवर घेऊन दोन फेऱ्या मारायचा आणि मग तिला पायरीवर उतरवायचा. आर्डिसला, त्याच्या बायकोला, ते मुळीच आवडत नसे. एका जुलैच्या शनिवारी आभाळ भरून आलं होतं आणि खालच्या शेतात वाळवलेला चारा पडून होता. घाई होती. कपड्यांच्या दोरीजवळ एक पट्टा राहिला म्हणून त्याने पोटाखालची गवत कापायची पाती चालू ठेवूनच ट्रॅक्टर मागे घेतला. पोर पायरीवरून कधी उठली ते त्याला कळलं नाही. उजवं पाऊल घोट्याच्या वरपर्यंत गेलं.

"मी मागे वळून बघितलं होतं," त्याने डॉक्टरांना सांगितलं, चौकशीला आलेल्या पोलिसाला सांगितलं, आर्डिसला सांगितलं. "कोणी नव्हतं. ती चादरींच्या आडून धावत आली."

त्याच आठवड्यात त्याने ट्रॅक्टर भंगारात दिला.

"चल, सांगतो तुला," ड्वेन सिग्रिडला म्हणाला आणि सीटवर थाप मारली. "सीटवरून उठलीस की इंजिन बंद. पाती चालू ठेवून मागे घ्यायला गेलीस तरी बंद. फक्त ही पिवळी किल्ली फिरवलीस की मागे जातानाही कापतं. सगळे फिरवूनच ठेवतात. नाहीतर सारखं बंद पडून जीव नकोसा होतो."

"ती किल्ली काढ," व्हरांड्यातून एल्डन म्हणाला.

"अरे, तिला नंतर—"

"काढ म्हणतो ना."

ड्वेनने सिग्रिडकडे पाहिलं. तिने हात पुढे केला. त्याने किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली, टोपी सारखी केली आणि दूध काढायची वेळ झाल्याचं काहीतरी पुटपुटला. दहा वाजायला आले होते, आणि त्याने दुभती गुरं विकून सहा वर्षं झाली होती. ट्रेलर खडखडत उताराच्या खाली दिसेनासा झाला.

सिग्रिडने किल्ली व्हरांड्यात आणून वडिलांना दिली. ती त्याने शर्टाच्या खिशात घातली.

"तुम्हीच शिकवा मग," ती म्हणाली.

"पुस्तक आहे ना सोबत."

"वाचलंय. दोनदा. चित्रातला माणूस सारखा हसतोय, त्याच्यावर माझा भरवसा नाही. तुम्ही सांगा."

एल्डनने गवतावरून नजर फिरवली. मग वॉकर पुढे सरकवला.

"आधी चालून ये," तो म्हणाला. "सगळं अंगण. दगड, काटक्या, तारेचा तुकडा, काय असेल ते उचल. पात्यात सापडलं तर बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं."

ती चालून आली. बादलीत दगड, कुत्र्याचं एक जुनं हाड आणि घोड्याचा अर्धा नाल होता. त्याने बादलीत डोकावून मान हलवली. मग पेट्रोल भरायला लावलं, इंजिन थंड असतानाच, कोठारापासून लांब. टायर दाबायला लावले. गवतावर तळवा फिरवायला सांगितलं.

"ओलं आहे?"

"वरून सुकलंय."

"मुळाशी बघ. ओल्यावर चाक घसरतं, आणि उतारावर घसरलं की ब्रेकबिक काही नाही."

"सुकलंय, बाबा."

"उतारावर आडवी जायचं नाही. सरळ वर, सरळ खाली. वळताना वेग कमी. उलटायला लागलाच तर त्याला सावरायला जाऊ नकोस, उडी मार. चढाच्या बाजूला."

सांगता सांगता त्याचा आवाज मोकळा होत गेला. हे सगळं त्याला किती नीट माहीत होतं! जणू इतकी वर्षं तो ते मनातल्या मनात कुणाला तरी शिकवत आला होता. सिग्रिड सीटवर बसली. इंजिन धडधडलं तेव्हा त्याचे हात वॉकरवर आवळले गेले, पण तो जागचा हलला नाही. पाती चालू ठेवून तिला सीटवरून अर्धवट उठायला सांगितलं. इंजिन बंद पडलं. पुन्हा तेच करायला लावलं. तिसऱ्यांदाही.

"पटलं का आता?" तिने विचारलं.

"मला पटून काय उपयोग? तुझ्या अंगवळणी पडायला हवं."

एक गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही. ती विचारेल या भीतीने तोच घाईने म्हणाला, "आता जा. मोठं वळण घेत जा. मागे यायची वेळच येणार नाही."

ती गेली. वरच्या बाजूने पहिला पट्टा पडला आणि कापलेल्या गवताचा वास व्हरांड्यापर्यंत आला. एल्डन लाकडी खुर्चीत बसला. प्रत्येक फेरीला ती अक्रोडाच्या झाडाआड जाई, आणि पलीकडून तिची गवती टोपी दिसेपर्यंत तो श्वास रोखून धरी. तासाभराने निम्मं अंगण झालं. मग कोठाराच्या मागून येणारा आवाज एकाएकी थांबला.

तो उठून उभा राहिला.

"बाबा!" तिची हाक आली. आवाजात घाबरण्यासारखं काही नव्हतं. "जरा इकडे येता का?"

कापलेल्या गवतात वॉकरचे पाय रुतत होते. ऐंशी पावलांना त्याला पाच मिनिटं लागली. कोठाराची भिंत आणि तारेचं कुंपण जिथे मिळतात त्या बेचक्यात ट्रॅक्टर नाक भिडेपर्यंत शिरला होता. वळायला जागाच नव्हती. सिग्रिड हातमोजे काढून स्टिअरिंगवर कोपरं टेकून बसली होती. तिला हा कोपरा लहानपणापासून ठाऊक होता, हे त्याच्या मागाहून लक्षात आलं.

"आता काय करू?"

"मागे घे."

"ते कळलं. कसं?"

एल्डनने घाम पुसला.

"पाती बंद आहेत?"

"बंद."

"गियर टाकायच्या आधी मागे बघ."

तिने मान वळवली.

"असं नाही." त्याचा आवाज चढला. "नुसती मान नाही. अख्खी वळ, कमरेतून. हात मागे टेकव. आणि लांब बघू नकोस, खाली बघ. जमिनीकडे. चाकांच्या मागे. दोन्ही बाजूंना. मग ब्रेक सोड, आणि गाडी थांबेपर्यंत तोंड पुढे करायचं नाही. काही झालं तरी."

ती कमरेतून वळली, खाली पाहिलं आणि तशीच राहिली. आता तिचा चेहरा थेट त्याच्या समोर होता.

"तुम्ही असंच बघायचात?" तिने विचारलं.

उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. ते त्याने इतक्यांदा दिलं होतं की त्यातल्या चादरी, वारा, धावत आलेली पोर, सगळं त्याला डोळ्यांसमोर दिसायचं. तारेवर एक चिमणी येऊन बसली आणि उडाली.

"मी बघितलं नव्हतं," एल्डन म्हणाला. "त्या दिवशी. मी बघितलंच नव्हतं, सिग."

"माहितीये."

त्याला वाटलं, तिने नीट ऐकलं नाही.

"चादरींचं मी सांगितलं, ते—"

"बाबा, चादरी वाळतच नव्हत्या त्या दिवशी. आभाळ आलं म्हणून आईने सकाळीच काढल्या होत्या. मी तुमच्या मागे उभी होते. मला वाटलं, तुम्ही मला घ्यायला मागे येताय. मी हात करत होते."

"तू चार वर्षांची होतीस."

"हो. बाकीचं काही आठवत नाही. हॉस्पिटलही नाही. एवढंच आठवतं."

कोठाराच्या पत्र्यावर ऊन चढलं होतं. एल्डनने वॉकरच्या मुठीवरचं सैल झालेलं रबर अंगठ्याने दाबलं. ते पुन्हा वर आलं. त्याने पुन्हा दाबलं.

"तुझ्या आईला..."

"आईने विचारलं होतं मला. पहिलीत होते तेव्हा. माझी वेणी घालत होती. म्हणाली, खरं सांग, बाबांनी मागे वळून बघितलं होतं का?"

"मग?"

"मी म्हटलं, बघितलं होतं."



"तुम्ही तेव्हा इथे कोठारात झोपायचात," सिग्रिड म्हणाली. "आई तुमचं ताट झाकून ठेवायची आणि परसात निघून जायची. मला वाटायचं, माझ्या पायामुळे चाललंय सगळं. दुसऱ्या दिवशी तिने तुम्हाला घरात जेवायला बोलावलं."

ते जेवण एल्डनला आठवत होतं. भाजलेलं डुकराचं मांस, उकडलेले बटाटे, आणि आर्डिसने खुर्ची मागे ओढून म्हटलेलं "बस." त्याने ते कितीदा आठवलं होतं! दोन वर्षांनी का होईना, तिला आपल्या शब्दाची खात्री पटली, असंच तो समजत आला होता. आता आर्डिसला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"तू मला कधी बोलली नाहीस."

"तुम्हीही नाही बोललात."

तिच्या आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती. तिने हातमोजे चढवले, डावा पाय पायडलवर घट्ट दाबला आणि इंजिन सुरू केलं.

"बाजूला व्हा आता," ती आवाजावर ओरडून म्हणाली. "तुम्ही माझ्या मागेच उभे आहात. मला दिसाल असे उभे राहा."

तो वॉकर उचलून एकेक पाऊल टाकत कोठाराच्या भिंतीपाशी गेला आणि पाठ टेकून उभा राहिला. सिग्रिड कमरेतून वळली, खाली पाहिलं, डावीकडे, उजवीकडे. मग ट्रॅक्टर हळू मागे आला, त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेला आणि मोकळ्यावर थांबला. तेव्हाच तिने तोंड पुढे केलं. पाती सुरू झाली आणि ती उरलेल्या अंगणाकडे निघून गेली.

बारा वाजून गेल्यावर ती व्हरांड्यात आली. एल्डनने कॉफी केली होती. वॉकरच्या टोपलीतून कप आणताना निम्मी सांडली होती. ती त्याच्या खुर्चीसमोरच्या बाकावर बसली, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, बाजूचं बटण दाबलं आणि कृत्रिम पाय काढून बाकाला टेकवून ठेवला. मग आतला मोजा उलटत खाली सोडला.

या घरात ती हे नेहमी आपल्या खोलीचं दार लावून करायची. एल्डनची नजर सवयीने पत्रपेटीकडे गेली. मग ती त्याने परत आणली. कातडी लालभडक झाली होती, आणि कडेला, जुन्या टाक्यांच्या रेघेवर, एक फोड आला होता.

"दुखतं का गं?" त्याने विचारलं.

"आज दुखतंय. यंत्र थरथरतं ना. थंडीत रोजच दुखतं."

"काही लावतेस?"

"बर्फ आहे का घरात?"

तो उठला. स्वयंपाकघरात त्याने बर्फाचा ट्रे ओट्याच्या कडेवर आपटला, खडे गोळा करून ताटं पुसायच्या फडक्यात बांधले, आणि ती पुरचुंडी टोपलीत ठेवून सावकाश बाहेर आला. त्याने ती तिच्यापुढे धरली. तिने घ्यायला हात पुढे केला नाही. तिने फक्त पाय थोडा उचलला.

एल्डनने खुर्ची पुढे ओढली, बसला, आणि डॉक्टरांनी जितकं चालेल म्हटलं होतं तितकाच वाकला. पुरचुंडी त्याने फोडाजवळ टेकवली. पाणी तिच्या पोटरीवरून फरशीवर ठिबकू लागलं.

"जरा वर," सिग्रिड म्हणाली. "आणखी. हां, तिथे. धरून ठेवा."