बडगीतली पावलं

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको. मी लबाडी केली. पण ती नशिराबाद सोडावं लागू नये म्हणून केली, आणि काय सांगू, करताना मजाही फार आली.

माझी मुलगी समीक्षा पुण्याला एका लॅबमध्ये रक्त तपासते. दिवाळीला आली आणि चपला काढायच्या आधी तिने माझंच रक्त काढलं. साखर निघाली दोनशे साठ. झालं! तिने माझ्या फोनात पावलं मोजणारं ॲप टाकलं आणि ते स्वतःच्या फोनशी जोडून घेतलं. मी किती चाललो ते तिला तिकडे दिसणार, ती किती चालली ते मला इकडे.

"आबा, महिनाभर रोज सरासरी आठ हजार पावलं," ती म्हणाली. "नाही जमली तर तुम्ही आणि आई माझ्याकडे पुण्याला. कायमचे."

पुण्याला तिचं घर नवव्या मजल्यावर. तिथे मी एकदा आठ दिवस काढले. लिफ्टमधली माणसं शेजारच्याकडे न बघता मजल्याच्या आकड्यांकडे बघतात. मी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. चार माणसांशी बोलल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पण कंडक्टरच तो, नियम सगळ्यांना सारखा.

"आणि तू माझ्यामागे पडलीस, हरलीस तर?"

"मी रोज दहा हजार चालते."

"हरलीस तर?"

"तर दर महिन्याला दोन दिवस इकडे येईन, बस?" ती हसली. या पोरीला सहा-सहा महिने सुटी मिळत नाही. मला आतून गुदगुल्या झाल्या.

पहिले चार दिवस मी इमानदारीत चाललो. हायवेपर्यंत जाऊन येईतो जीव मेटाकुटीला यायचा आणि फोन म्हणायचा, तीन हजार शंभर. अरे, चालत्या बसमध्ये पुढून मागे, मागून पुढे मी आयुष्यभर चाललो, ती पावलं कुणी मोजली का?

पाचव्या दिवशी शेजारच्या रुपचंदच्या मळ्यात भरीत पार्टी होती. आमच्याकडे थंडी पडली की मळ्यामळ्यांत हिरवी वांगी भाजली जातात आणि लाकडाच्या लांबट बडगीत दांडक्याने ठेचली जातात. ठेचण्यात माझा हात धरणारा गावात कोणी नाही. तीस किलो वांगी ठेचली, घाम पुसला, वेळ बघायला खिशातून फोन काढला आणि बघतच राहिलो. नऊ हजार चारशे! प्रत्येक घावाला अंग हललं होतं, आणि फोनला वाटलं हा सुपडू निघाला पायी जळगावला.

मग काय विचारता! जिथे वांगं भाजलं तिथे मी हजर. लोक म्हणायचे, सुपडूभाऊ किती हौशी. आणि ठेचणाऱ्याला पहिलं पान वाढायची आमच्याकडे रीतच आहे, तेव्हा भरीत, पुऱ्या, वर आणखी पुऱ्या. नाही म्हणणं बरं दिसत नाही.

गंमत म्हणजे समीक्षाही मागे हटेना. मी बारा हजार, तर ती तेरा. मी सोळा, तर ती अठरा. एका दिवशी तिची एकवीस हजार दिसली, तेव्हा मी ईर्ष्येने एका दिवसात दोन मळे उरकले. बायको द्रौपदाबाई आमच्या दोघांकडे बघून नुसती मान हलवायची.

महिना संपला त्या दिवशी समीक्षा कशीबशी एका दिवसाची सुटी काढून, न सांगता दारात उभी. हातात सुई. साखर निघाली तीनशे दहा.

"आबा, रोज पंधरा हजार चालणाऱ्याची साखर चढते कशी?" तिने विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अंगणातून रुपचंद ओरडला.

"चाला भाऊ, चाळीस किलो वांगा भाजायनात! नि फोन लेवानं इसरू नका. मांगला खेपले फोन घर राह्यना, तर तुम्हीन ठेचेल भरीत परत ठेचं!"

मागच्या खेपेला फोन घरी राहिला म्हणून तो आणून मी ठेचलेलंच भरीत पुन्हा ठेचलं होतं, ते असं फुटलं. समीक्षाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. द्रौपदाबाई मात्र लेकीकडे बघत होती. ती माहेरची भडगावची, बोलते अहिराणी, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"नि तू वं? एकवीस हजार तू कशी चालनी?"

पोरगी लाल झाली. मग हळूच म्हणाली, "लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या डुलवत ठेवायचं यंत्र असतं. फोन त्याच्यावर ठेवायचे."

मला असं हसू फुटलं की खाटेवरून पडायचा राहिलो. शेवटी माझीच लेक! पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"खुर्चीतून उठायला मिळत नाही हो आबा. हरले असते तर दर महिन्याला यायचं होतं. सुटी कुठून आणू? मी आले नसते आणि तुम्ही स्टॅंडवर जाऊन वाट बघत बसला असता."

माझं हसू जागच्या जागी विरलं. मी खरंच बसलो असतो.

"दोन्हीजन लबाड शेतस," द्रौपदाबाईने निकाल दिला. "मी रोज पायी बुद्धविहारमा जास नि येस, मनी मोजनी कोन्ही करी नही. आते ऐका. पुन्याले कोनी जात नही. रोज सहा वाजता दोन्हीजन फोन कानले लावा नि चाला. तू तठे, ह्या आठे. बोलनं थांबनं की चालनं थांबनं. तीन महिनामा साखर उतरनी नही, तर पेटी मी सोता भरसू."

पहिल्या दिवशी आम्ही दोन हजारांतच गप्प झालो. फोनवर आजवर "गोळी घेतली का" यापलीकडे बोललो होतो कुठे? मग ती लॅबमधल्या बाईंच्या नकला करू लागली, मी बसमधले किस्से काढले. आता ती रोज जिने उतरून रस्त्यावर येते, मला मागच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येतात. भरीत मी अजूनही ठेचतो, पण फोन घरी ठेवून आणि पुऱ्यांना हात जोडून.

परवा तीन महिने झाले. साखर एकशे साठ. पेटी माळ्यावरच आहे.

काल आठ हजार सहाशे पावलं झाली. सहाशे जास्तीची. घर आलं होतं, पण तिचं बोलणं संपलं नव्हतं, म्हणून मी दारावरून पुढे गेलो.