पत्ताघर कुठे आहे?

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघी बहिणी संगणकाचे प्रोग्रॅम बनवत. थोरली लिहायची, धाकटी गिऱ्हाइकं सांभाळायची. सध्या हाती एकच काम होतं, रक्तपेढ्यांचं. ते पेढ्यांचा कारभार पाहणाऱ्या डॉक्टरबाईंना पसंत पडलं तर खोल्या राहणार, नाहीतर महिनाअखेरीस किल्ली घरमालकाच्या हातात.

काम समजायला सोपं आहे. कोणतं रक्त शिल्लक आहे, हे प्रत्येक पेढीचा संगणक विचारल्यावर सांगतो. पण या संगणकांचे पत्ते सारखे बदलतात, आणि बदलले की कळवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून थोरलीने एक पत्ताघर उभं केलं. पेढीचा संगणक सुरू झाला की आपला पत्ता आपणच तिथे नोंदवणार. प्रोग्रॅमने ऐन वेळी तिथे चौकशी करायची आणि मगच पेढीला हाक मारायची. प्रोग्रॅममध्ये एकही पत्ता लिहायचा नाही, हा तिचा कडक नियम. आणि नियम म्हणजे नियम, म्हणून तिने पत्ताघराचा पत्तासुद्धा पत्ताघरातच ठेवला.

तिच्या संगणकावर सगळं झकास चाले, कारण नियम होण्याआधी ऐकलेला तो पत्ता त्याने मनात जपून ठेवला होता.

डॉक्टरबाई आल्या त्या स्वतःचा लॅपटॉप घेऊन. "तुमच्या संगणकावर नको, यावर दाखवा."

प्रोग्रॅम चढवला. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं, ते फिरतच राहिलं.

"काय करतंय गं ते?" धाकटी कुजबुजली.

"पत्ताघर कुठे आहे, ते विचारतंय."

"कुणाला?"

"पत्ताघराला."

धाकटीने कपाळाला हात लावला. "धन्य आहेस, ताई!"

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. तू पटकन काहीतरी कर, मी बाईंना चहात गुंतवते."

चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. तेवढ्यात थोरलीने ओठ घट्ट मिटून स्वतःचा नियम मोडला. पडद्यावर एक रिकामी चौकट आणली आणि तीत पत्ताघराचा पत्ता हाताने टाइप केला. चक्र थांबलं. पेढ्यांची नावं, रक्ताचे गट, शिल्लक पिशव्या, सगळं झरझर उतरलं.

डॉक्टरबाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं बोट चौकटीवर होतं. "हे काय आहे?"

"इथे पत्ता... हाताने लिहायचा," थोरली चोरट्यासारखी म्हणाली.

"वा! बाकीचे येतात ते नुसतं आपोआप, आपोआप करतात. तुम्ही माणसाच्या हातात काहीतरी ठेवलंत. अशी चौकट प्रत्येक पेढीसाठी द्या. काम तुमचं."

"पण पत्ते बदलतात हो, बाई."

"बदलू देत. आमचा माणूस फोन करून विचारेल आणि लिहील."

थोरली पुन्हा तोंड उघडणार, तोच टेबलाखाली तिच्या पावलावर धाकटीची टाच पडली.

"देतो ना, बाई," धाकटी गोड हसली. "ताईचा पहिल्यापासून तोच आग्रह आहे."