गोरेगावच्या बारीक लाइनसाठी

मित्रांनो, मी एक जुना, बंद करून ठेवलेला प्रोग्राम आहे. हिंगोलीतल्या एका संस्थेच्या सर्व्हरवर माझा मुक्काम आहे. सर्व्हर म्हणजे मागेल त्याला इंटरनेटचं पान देणारा संगणक. ते पान बाहेर पडण्याआधी वाटेत थांबवायचं आणि दाबून लहान करायचं, हे माझं काम. मोकळा कापूस दाबून गाठ बांधतात ना, अगदी तसंच. पलीकडच्या संगणकावर गाठ आपोआप सुटायची. पान दिसलं की माझी आठवण कोणाला कशाला होईल?

मला २००३ साली संस्थेचा सर्व्हर सांभाळणाऱ्या शीतलताईंनी लिहिलं. संस्थेच्या पानावर रोजचे हळदीचे भाव असत. पण आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगाव या खेड्यात टेलिफोनच्या बारीक लाइनवर ते पान उघडता उघडत नसे. मी कामाला लागलो आणि तिथल्या संगणकवाल्या रणजीतचा फोन आला.

"ताई, पान लगेच येऊन राहिलं! आमच्या गावच्या हळदवाल्या धुरपताबाई म्हणतात, आता भाव पाहूनच हळद जीपमधी टाकीन."

ताई हसल्या. माझं कौतुक एवढंच झालं, पण ते मला कितीतरी वर्षं पुरलं.

पुढे ताई पुण्याला गेल्या आणि त्यांच्या जागी गोपीचंदसाहेब आले. त्यांनी पानावर मोठमोठे फोटो चढवले आणि मला तेही दाबायला लावलं. अहो, फोटो आधीच दाबलेले असतात! बांधलेली गाठ पुन्हा किती दाबणार? मी घाम गाळत राहिलो, सर्व्हर रखडला आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं. साहेबांनी मला बंद केलं. हिंगोलीत तोवर नवी वेगवान लाइन आली होती, त्यामुळे इथं कोणाला फरक कळलाच नाही.

गोरेगावात मात्र पान येईना. धुरपताबाईंनी भाव न पाहताच हळद हिंगोलीच्या बाजारात आणली आणि ती पडत्या भावात गेली. त्या थेट संस्थेत आल्या.

"आधी पान बराबर यायचं. आता काहून येत न्हाई?"

"मावशी, तुमच्या गावची लाइनच खराब आहे," साहेब म्हणाले.

"व्हय?" म्हणत त्या सर्व्हरशेजारच्या बाकावर टेकल्या. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. मला ओरडावंसं वाटलं, पण मला कुठला आवाज? त्या उठून परतीच्या जीपकडे गेल्या.

मित्रांनो, कोणाला बिनकामाचं ठरवण्याआधी लाइनीच्या पलीकडच्या टोकाला एकदा विचारत जा. गोरेगावातून आता ते पान कोणी मागतच नाही. तक्रार मिटली, म्हणून साहेब खूश आहेत.